न दुखणाऱ्या दातांची तपासणी

प्रश्न : वय ५२. दात दुखत नाहीत, तरी मुलगा तपासणीचा आग्रह धरतो. तेथे काय करतात? दात साफ केल्याने ते हलू लागतात, हे खरे काय?

उत्तर : चिरंजीवांचा आग्रह रास्त आहे, कारण कीड दाताच्या बाह्य कवचापुरती असते तोवर ती बहुधा दुखत नाही, आणि दुखू लागते तेव्हा ती आतल्या मज्जेपाशी पोचलेली असते. प्रथम प्रकृतीची चौकशी होईल. मधुमेह असल्यास अथवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती बाब किरकोळ समजून दडवू नये. नंतर मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बोथट सळईने दात व हिरडी यांमधील फट मोजतील : ती १ ते ३ भरली तर ठीक, ४ वा अधिक भरली तर हिरडीचा विकार संभवतो. मिश्री वा तंबाखूची सवय असेल तर जीभ व गालांची आतली बाजू यांची पाहणी मला दातांहूनही महत्त्वाची वाटते. जरूर पडल्यास क्ष-किरण चित्र काढतात.

राहिली हलण्याची तक्रार. वर्षानुवर्षे साचलेल्या कीटणापायी हिरडी खाली सरते, हाड झिजते. आणि ते कीटण काढताच, त्याच्याच टेकूने उभा असलेला दात मोकळा भासतो, याचा दोष साफ करणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होय. थंड पाणी काही दिवस झोंबेल, इतकेच.