नियमित क्रियापदे आणि संविधानाची भाषा

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा पाय प्रथम अडखळतो तो क्रियापदापाशी. शब्दार्थ पाठ होतात, नामे ध्यानात राहतात. परंतु काळ बदलला की क्रियापदाचे कोणते रूप घ्यावे, हा गोंधळ दहावीपर्यंत पाठ सोडत नाही. ज्याच्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, त्याला बारा काळांचा तक्ता बंद दरवाजासारखा वाटतो. घाटकोपर-मुलुंडच्या वस्तीतील मुलाच्या कानांवर इंग्रजी शब्द दिवसभर पडत असतात. पण शब्द ओळखणे वेगळे आणि वाक्य रचता येणे वेगळे. या दरवाजाची किल्ली मात्र त्याच्या दप्तरातच आहे. ती म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या प्रारंभी छापलेली संविधानाची उद्देशिका.

उद्देशिकेच्या इंग्रजी पाठातील काही क्रियापदे पाहू : रिझॉल्व्ह म्हणजे संकल्प करणे, सिक्युअर म्हणजे प्राप्त करून देणे, अडॉप्ट म्हणजे अंगीकारणे, एनॅक्ट म्हणजे अधिनियमित करणे आणि गिव्ह म्हणजे देणे. यांपैकी पहिली चार नियमित आहेत. त्यांच्या मूळ रूपाला 'ईडी' ही अक्षरे जोडली की भूतकाळाचे रूप तयार होते, आणि पूर्ण काळातही तेच रूप चालते. मूळ शब्दाच्या शेवटी 'ई' असल्यास केवळ 'डी' जोडावा; रिझॉल्व्ह आणि सिक्युअर ही याची उदाहरणे. गिव्ह मात्र अनियमित : गिव्ह, गेव्ह, गिव्हन. अशी रूपे पाठच करावी लागतात.

नियमित क्रियापदाची रूपे अवघी चार : अडॉप्ट, अडॉप्ट्स, अडॉप्टेड, अडॉप्टिंग. यांवर सर्व बारा काळ उभे राहतात.

साधा काळ : वी अडॉप्ट, वी अडॉप्टेड, वी विल अडॉप्ट.
चालू काळ : वी आर अडॉप्टिंग, वी वेअर अडॉप्टिंग, वी विल बी अडॉप्टिंग.
पूर्ण काळ : वी हॅव अडॉप्टेड, वी हॅड अडॉप्टेड, वी विल हॅव अडॉप्टेड.
चालू पूर्ण काळ : वी हॅव बीन अडॉप्टिंग, वी हॅड बीन अडॉप्टिंग, वी विल हॅव बीन अडॉप्टिंग.

प्रत्येक ओळीत क्रम वर्तमान, भूत, भविष्य असा आहे. काळाचा भार बहुतांशी साहाय्यकारी क्रियापद वाहते, हे येथे ध्यानात येईल. म्हणूनच 'डिड नॉट'नंतर 'अडॉप्टेड' लिहिणे चूक ठरते. भूतकाळ 'डिड'ने अगोदरच दाखवलेला असतो. त्यापुढे मूळ रूपच हवे.

लेखनात 'ईडी' एकच असली तरी तिचे उच्चार तीन आहेत. अबॉलिश या शब्दाच्या शेवटी 'श' आहे, म्हणून तेथे 'ट्' असा उच्चार होतो. रिझॉल्व्हनंतर 'ड्' ऐकू येतो. अडॉप्ट आणि एनॅक्ट यांच्या शेवटी 'ट' असल्याने तेथे 'इड' असा स्वतंत्र अवयव उमटतो.

मराठीशी तुलना केली तर आणखी एक गोष्ट दिसते. आपण 'तो बोलला', 'ती बोलली', 'ते बोलले' असे म्हणतो. येथे क्रियापद लिंग पाहते, वचन पाहते आणि मानही पाहते. कोणाच्या वाट्याला 'बोलले' यावे आणि कोणाच्या वाट्याला 'बोलला', हे आपल्या समाजात दीर्घकाळ जन्मावरून ठरत होते. इंग्रजीतील 'टॉक्ड' सर्वांसाठी एकच. याचा अर्थ इंग्रजांच्या समाजात उच्चनीचता नव्हती असा नव्हे. व्याकरणातील समता समाजात आपोआप उतरत नाही. ती कायद्याने आणि संघर्षाने आणावी लागते.

येथेच संविधानाचा अनुच्छेद १७ अभ्यासण्याजोगा आहे. मसुद्यात तो अनुच्छेद ११ होता आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने तो स्वीकारला. अस्पृश्यतेविषयी त्यात 'इज अबॉलिश्ड' अशी क्रिया आहे. अबॉलिश हे नियमित क्रियापद, प्रयोग कर्मणी आणि काळ वर्तमान. तेथे 'विल बी अबॉलिश्ड' असते, तर ते केवळ भविष्यातील आश्वासन झाले असते. 'इज' या शब्दाने ती बाब कोणाच्या सवडीवर ठेवली नाही. त्याच अनुच्छेदात पुढे 'शॅल बी' येते. हा शॅल नुसता भविष्यकाळ दाखवीत नाही. कायद्याच्या भाषेत तो बंधनकारक आज्ञा सांगतो. अस्पृश्यतेतून उद्भवणारी निःसमर्थता लादणे हा अपराध ठरेल, अशी ती आज्ञा आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी १९५५ साली स्वतंत्र कायदा झाला. गावोगावच्या अत्याचारांच्या बातम्या वाचताना तो वर्तमानकाळ अजून पुरता खरा झालेला नाही, हे जाणवते. परंतु हक्क मागणाऱ्याने 'द्याल का?' असे विचारायचे नसते, 'हे आहे' असे सांगायचे असते. तो आधार या एका क्रियापदाच्या काळाने दिला आहे.

उद्देशिकेतील काळांचा क्रमही असाच अर्थपूर्ण आहे. 'हॅविंग' आणि 'रिझॉल्व्ड' या शब्दांनी संकल्प अगोदर पूर्ण झाल्याचे कळते. त्यानंतर अडॉप्ट आणि एनॅक्ट ही क्रियापदे साध्या वर्तमानकाळात येतात. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी कृती झाली, पण वाक्य वर्तमानात राहिले. त्यामुळे आज ते वाचणारा विद्यार्थीही त्यातील 'वी'मध्ये सामील होतो.

पालकांनी घरी एवढेच करावे : मुलासमवेत इंग्रजी उद्देशिका मोठ्याने वाचावी, प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, नियमित कोणते आणि अनियमित कोणते ते त्याला विचारावे, आणि एका क्रियापदाची बारा वाक्ये वहीत लिहून घ्यावीत. आपणांस इंग्रजी येत नसेल तर मुलाने ती समजावून सांगावीत. जे दुसऱ्याला समजावता येते, ते पक्के होते.