मेंदूला अन्न कसे पोहोचते?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खर्डीच्या माझ्या दवाखान्यात एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, हिला तिसरा महिना चालू आहे. पोराचा मेंदू तल्लख होईल असं चांगलं टॉनिक लिहून द्या." चौकशी करता कळले की, सुनेच्या पहिल्या बाळाचा पाठीचा कणा जन्मतःच उघडा होता. ते चार दिवस जगले. मधल्या काळात ही मुलगी तापासाठी माझ्याकडे दोनदा आली होती. मी तिला त्याविषयी विचारले नव्हते, याची खंत मला आजही आहे.

टॉनिकने मेंदू तल्लख का होत नाही, ते आधी पाहू. आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. तरीही रक्तातले सगळेच त्याला मिळत नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. साखर, प्रथिनांचे घटक, जीवनसत्त्वे यांना आत नेण्यासाठी त्या पेशींवर वेगवेगळे वाहक असतात. हमालांची संख्या ठरलेली. फलाटावर कितीही पोती टाकली तरी ते उचलतील तेवढीच आत जाणार. म्हणून एकदम बाटलीभर टॉनिक पिऊन उपयोग नाही, रोजचे जेवण नीट हवे.

या सामानात फॉलिक ॲसिड फार मोलाचे. पेशी वाढते, दुभंगते तेव्हा तिला आपल्या डीएनएची नवी प्रत काढावी लागते. त्या प्रतीच्या विटा घडवायला फॉलिक ॲसिड लागते. मेंदूच्या पोकळ्यांत रक्तवाहिन्यांचे झुबके असतात. तेथील पेशी ते रक्तातून उचलून मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडतात. इतके, की त्या पाण्यात त्याचे प्रमाण रक्तापेक्षा दुपटीहून अधिक असते.

गर्भाची गोष्ट मात्र आणखी नाजूक. ज्या नळीपासून मेंदू व मज्जारज्जू बनतात ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. त्या वेळी बहुतेक बायकांना दिवस गेल्याचे पक्के माहीतही नसते. बाळाला जे मिळते ते आईच्या रक्तात आधीच साठलेले असते. म्हणूनच तिसऱ्या महिन्यात आलेल्या त्या मुलीला गोळी सुरू केली, तरी त्या दोषापुरता उशीर झाला होता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, असे मूल आधी झालेल्या स्त्रियांनी दिवस राहण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास पुन्हा तसा दोष होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले, असे दिसले.

या शोधाचा एक धागा आपल्या मुंबईचा आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स ही इंग्रज बाई मुंबईत आली. गिरणी कामगार गरोदर बायकांचा पंडुरोग तिने यीस्टच्या अर्काने बरा केला. त्यातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढे उमगले. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून काढले गेले. नावही पानावरूनच पडले.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. मूल हवे असे ठरवताच, दिवस राहण्याआधीच, ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी रोज सुरू करा. ती आरोग्य केंद्रात विचारा. आधीचे मूल असे झाले असेल तर मात्रा बरीच जास्त लागते, ती डॉक्टरांनाच ठरवू द्या. माठ, पालक, शेवग्याचा पाला, मूग, चवळी, हरभरा ताटात असू द्या. भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका. कडू किंवा खाजऱ्या रानभाज्यांची गोष्ट वेगळी.

त्या मुलीची पुढची सोनोग्राफी चांगली आली. पण ते तिचे नशीब. माझे कौशल्य नव्हे. आता लग्न झालेली कोणतीही मुलगी सर्दीपडशासाठी आली तरी मी तो प्रश्न विचारतोच.