पुराचे पाणी, होडी आणि आपली मोटर



कृष्णाकाठच्या माणसाला पुराचे नवल नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जण दगावले. बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसे बसली होती. त्याच दिवसांत सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. घरात पाणी शिरले की "पुढची फेरी येईल की नाही" या भीतीने माणसे होडीकडे धावतात. म्हणून होडी काठाला लागण्याआधीच कोणी बसायचे, ते ठरवून ठेवावे.

वजनाचा हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको. दहा मोठी माणसे म्हणजे सहा क्विंटलच्या आसपास. त्यात गाठोडी, धान्याची पोती आली की होडीचा काठ पाण्याला टेकतो. आधी माणसे, सामान मागून. सगळ्यांनी खालीच बसावे, आणि एका अंगाला कुणी झुकू नये. लाइफ जॅकेट नसेल तर बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन छातीशी बांधावा. तेवढाच आधार. गुऱ्हाळाची काहील पुरात होडी म्हणून वापरतात खरी, पण ती ओढीला लागली की गरगर फिरते. साचल्या पाण्यात एक वेळ ठीक, धारेत नकोच.

नोकरीधंद्याला ठाण्याकडे गेलेल्यांनी कोलशेतची खाडी पाहिली असेल. उल्हास नदीच्या त्या खाडीत दिवसाला दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी, तेव्हा होडीवाल्याला वेळ बघून निघता येते. मुसळधार पाऊस आणि भरती एकदम आली तर मात्र तिथेही पाणी तुंबते. आपल्याकडे असे वेळापत्रकच नाही. कोयनेतून किती सोडले आणि वर पाऊस किती, यावर सगळे. तेव्हा काठी रोवून खूण करा आणि तासातासाला बघा. अंधारात होडी काढू नये. पाणी चढले की विजेच्या तारा डोक्याशी येतात. बुडालेल्या उसाचे शेंडे आणि कुंपणाची तार इंजिनाच्या पंख्यात गुंतते, हेही ध्यानात असावे.

आता मालमत्तेचे. नदीवरची मोटर आणि स्टार्टर पाणी लांब असतानाच वर काढावे. पाण्यात उतरून काढायला जाऊ नये. जनावरे आधीच उंचावर न्यावीत. ते जमले नाही तर निदान दावी तरी सोडावीत, म्हणजे ती पोहून निघतील. सातबारा, पासबुक, शेअर्सचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून अंगावर ठेवावा. पाणी ओसरल्यावर मोटर लगेच चालू करायचा मोह होतो. पण ती उघडून, पुरती वाळवून, वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय खटका ओढू नये. उसातले पाणी चर काढून बाहेर घालवावे. शेंड्याचा कोंब कुजलेला दिसला तर त्या प्लॉटची नोंद लगेच गट ऑफिसात द्यावी.