डबाबंद चिकनचा धंदा करायचाय? आधी हे बघा

माधवनगरातून चिकन रस्सा डब्यात भरून विकायचा विचार आहे? मग नवापूर आठवा. फेब्रुवारी 2006 मध्ये तिथं बर्ड फ्लू सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि रोग नव्हता तिथंही चिकनचं गिऱ्हाईक तुटलं. म्हणून एकाच भागातल्या पोल्ट्रीवर अवलंबून राहू नका.

दुसरं, मांसाचा डबा म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे. आंबटपणा कमी, आत हवा नाही. बोटुलिझमचे जंतू अशाच ठिकाणी वाढतात. नुसत्या उकळण्यानं त्यांचे बीजाणू मरत नाहीत. दाबाखाली 121 अंशांच्या आसपास ठरावीक वेळ तापवावं लागतं, त्याला रिटॉर्ट मशीन हवं. घरचा कुकर नाही चालायचा! खरा पैसा इथंच जातो. त्यामुळे सुरुवातीला एफएसएसएआय परवाना असलेल्या युनिटकडून जॉबवर्क करून घेतलेलं बरं, आणि स्वतःचा परवानाही माल विकायच्या आधीच काढा.