रिज्काचे आश्वासन आणि अरल समुद्राची वाळू

पृथ्वीवर माणसे फार झाली, आता अन्नपाणी पुरणार नाही, हा विचार नवा नाही. इंग्लंडमधील पाद्री आणि अर्थशास्त्रज्ञ थॉमस माल्थस यांनी १७९८ साली तो ठामपणे मांडला. लोकसंख्या दुपटीदुपटीने वाढते, धान्य त्या गतीने वाढत नाही, म्हणून उपासमार अटळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी जगाची लोकसंख्या शंभर कोटीसुद्धा नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ८०० कोटींवर गेली. पण गेल्या साठ वर्षांत धान्याचे उत्पादन लोकसंख्येपेक्षा अधिक वेगाने वाढले. जन्मदरही सर्वत्र उतरत आहे. आपल्या देशात मुस्लिम समाजाविषयी याच भीतीच्या भाषेत पुष्कळ बोलले जाते, म्हणून एक आकडा ध्यानात असावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मुस्लिम स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या १९९२-९३ मध्ये ४.४ होती, २०१९-२१ मध्ये ती २.४ पर्यंत आली.

माल्थस चुकले, एवढ्यावर समाधान मानून आपल्याला थांबता येत नाही. आपल्यातही एक उलट चूक रूढ आहे. रिज्क अल्लाहने ठरविलेले आहे, तेव्हा पाणी, धान्य, जमीन यांचा हिशेब ठेवण्याची आपल्याला गरज नाही, असे काही जण मानतात. आधार म्हणून सूरह बनी इस्राईलची ३१ वी आयत सांगितली जाते. दारिद्र्याच्या भयाने अपत्यांची हत्या करण्यास तेथे मनाई आहे आणि सर्वांच्या उपजीविकेची हमी आहे. त्या हमीवर श्रद्धा ठेवणे हा ईमानचा भाग आहे. पण वाचकांनी ही आयत एकटी न वाचता चार-पाच आयती मागे जाऊन वाचावी. २६ व्या आयतीत नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे आणि उधळपट्टीस मनाई आहे. २७ व्या आयतीत उधळ्यांना सैतानाचे भाऊबंद म्हटले आहे. २९ व्या आयतीत कंजूषपणा आणि बेसुमार खर्च या दोहोंच्या मधला मार्ग सांगितला आहे. रिज्काची हमी येते ती यानंतर. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. देणाऱ्याने हमी दिली आहे; घेणाऱ्याला नासाडीचा परवाना दिलेला नाही.

हमी असूनही माणूस आपल्या हातांनी आपले रिज्क कसे गमावतो, याचे उदाहरण मध्य आशियात आहे. कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांच्या सीमेवरील अरल समुद्र १९६० साली सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर पसरलेला होता. जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर. आमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या त्याला पाणी पुरवीत. सोव्हिएत सरकारने वाळवंटात कापूस पिकविण्यासाठी या नद्यांचे पाणी मोठ्या प्रमाणावर वळविले. काराकुम कालव्याला तर अस्तरही नव्हते. त्यातील कितीतरी पाणी वाळूत झिरपून गेले. समुद्र आटला, १९८७ च्या सुमारास त्याचे दोन तुकडे झाले. मुयनाक हे मच्छीमारांचे बंदर होते. आज तेथे गंजलेल्या नौका वाळूत उभ्या आहेत. उघड्या पडलेल्या तळावरून मीठ आणि कीटकनाशके मिसळलेली धूळ उडते आणि काराकल्पाकस्तानच्या वस्त्यांवर बसते.

त्या खोऱ्यात माणसे वाढली होती, हे खरे आहे. पण नद्या माणसांनी पिऊन संपविल्या नाहीत. पाणी कापसाला गेले, आणि तो कापूस बहुतांशी दूरच्या गिरण्यांकडे गेला. ज्यांच्या ताटातील मासे गेले त्यांना हा निर्णय कोणी विचारला नव्हता. उत्तर भागात २००५ साली कोकअराल बांध पूर्ण झाल्यावर पाणी चढले, खारटपणा कमी झाला, मासेही परतले. दक्षिणेकडचा भाग मात्र जवळजवळ गेलाच.

जगाच्या ताटाचेही असेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांनुसार २०२२ साली घरे, उपाहारगृहे आणि दुकाने यांतून १०० कोटी टनांहून अधिक अन्न वाया गेले; २०२३ मध्ये सुमारे ७३ कोटी माणसे उपाशी होती. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की अन्न कमी पडते म्हणणाऱ्यांना उत्तर मिळते, आणि वलीमाच्या मांडवात भरल्या ताटावरून उठणाऱ्यांनाही. हिजरी १८ च्या दुष्काळात ह. उमर (रजि.) यांनी इतर प्रांतांतून धान्य मागविले, आणि सामान्य लोकांना तूप मिळेपर्यंत स्वतः ते खाल्ले नाही, असे इतिहासकार नोंदवतात. खलिफांनी भुकेल्यांची संख्या जास्त असल्याची तक्रार केली नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, असे ह. अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, सुमारे पाऊण लिटर. मुलांना हे शिकविताना एक प्रयोग करावा. वुजू करताना नळाखाली बादली ठेवावी आणि शेवटी तिच्यातले पाणी मापाने मोजावे. मिनिटाला सहा लिटर सोडणारा नळ दोन मिनिटे उघडा राहिला तर बारा लिटर, म्हणजे सोळा वुजूंचे पाणी.