रहस्यनाट्य : कानाने पाहायचे नाटक



गणेशोत्सव असो की शाळेचे स्नेहसंमेलन, इंदूरच्या मराठी मंडळींत हौशी नाटक बसविण्याची परंपरा जुनी आहे. आपण बहुधा विनोदी किंवा ऐतिहासिक नाटक निवडतो. रहस्यनाट्याचे नाव निघाले की "ते आपल्याला कसे जमणार?" असा प्रश्न ठरलेला. आम्हाला मात्र असे वाटते की, ज्या मुलांची मराठी आता घरापुरतीच उरली आहे, त्यांच्यासाठी रहस्यनाट्याच्या तालमीसारखा दुसरा भाषेचा तास नाही. ते कसे, हे या पाठात पाहू.

एक नमुना

अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माऊसट्रॅप', म्हणजे उंदराचा सापळा, हे इंग्रजी नाटक अभ्यासाला उत्तम. मूळ रूप 1947 सालच्या एका छोट्या रेडिओ नाटकाचे. रंगमंचावर ते 1952 च्या ऑक्टोबरमध्ये नॉटिंगहॅमला आले आणि 25 नोव्हेंबर 1952 रोजी लंडनला सुरू झाले. गुप्तहेराची भूमिका प्रथम रिचर्ड अटेनबरो यांनी केली. पुढे 'गांधी' (1982) चित्रपट दिग्दर्शित करणारे तेच हे अटेनबरो. 1974 मध्ये नाटकाने थिएटर बदलले, पण प्रयोग थांबले नाहीत. कोरोनामुळे मार्च 2020 मध्ये पडदा पडला, तो मे 2021 मध्ये पुन्हा उघडला.

कथा साधी आहे. एक जोडपे नवे अतिथिगृह उघडते. बाहेर बर्फ पडून रस्ते बंद होतात, पुढे टेलिफोनही बंद पडतो. आत एकमेकांना अनोळखी अशी माणसे अडकली आहेत आणि त्यांच्यात एक खुनी आहे. पात्रे फक्त आठ, जागा एकच, मोठा दिवाणखाना. हौशी मंडळींना याहून सोयीचे काय असणार? नेपथ्य एकदा उभे केले की शेवटपर्यंत हलवायचे नाही.

रहस्य कोठे लपलेले असते?

नाटकाच्या सुरुवातीलाच रेडिओवर बातमी लागते. लंडनमध्ये एका स्त्रीचा खून झाला आहे आणि पोलीस एका माणसाच्या शोधात आहेत. त्याच्या अंगात गडद ओव्हरकोट, गळ्यात फिक्या रंगाचा मफलर आणि डोक्यावर मऊ हॅट आहे. मग एकेक पात्र आत येते आणि त्याच तऱ्हेचे कपडे उतरवून ठेवू लागते. ज्या प्रेक्षकाने बातमी नीट ऐकली, त्याला संशय येऊ लागतो. ज्याने ऐकली नाही, त्याच्यासाठी तो नुसता कोट असतो.

रहस्यनाट्याचा पहिला नियम येथे दिसतो. सर्व पुरावे प्रेक्षकांसमोर मांडायचे, पण ते पुरावे आहेत असे सांगायचे नाही. लेखकाने काही दडवले, तर प्रेक्षकाला फसविल्यासारखे वाटते. नटाने वाक्य गिळले, तरी तेच होते. विनोदी नाटकात एक वाक्य पडले तर एक हशा कमी होतो. येथे एक वाक्य पडले तर शेवटचा उलगडा कळतच नाही.

आपल्या मुलांसाठी यात काय?

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदीने आम्हाला पुष्कळ दिले. पण दोन भाषा शेजारी-शेजारी नांदतात, तेव्हा काही शब्द दोन्हीकडे सारखे दिसतात आणि अर्थ वेगळे देतात. आता समजा, तपासाच्या प्रसंगात एक पात्र म्हणते, "मी फक्त चेष्टा केली होती." मराठीत ही थट्टा झाली, हिंदीत हा प्रयत्न झाला! किंवा "त्याला चांगली शिक्षा मिळाली होती." मराठी कानाला यात दंड ऐकू येतो, हिंदी कानाला विद्या. खुनाच्या चौकशीत हा फरक लहान नाही.

उच्चाराचेही तसेच आहे. "काल आला होता" म्हणजे पाहुणा येऊन गेला. "काळ आला होता" म्हणजे जीव जाता-जाता वाचला. 'ळ'चा 'ल' झाला, तर सगळा थरार गेला. वर्गात आम्ही शंभर वेळा सांगितलेला 'ळ' मुलांना कंटाळवाणा वाटतो; पण त्यावर खुनी पकडला जाणार असेल, तर तो ती स्वतःहून घोटतात.

बसविताना लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

1. पहिला आठवडा नुसते वाचन करावे. कोणते वाक्य कोणत्या पुराव्याचे आहे, याची यादी दिग्दर्शकाने करावी.
2. वस्तूंची जबाबदारी एकाच मुलाकडे द्यावी. पत्र उजव्या खणात ठेवायचे असेल, तर प्रत्येक प्रयोगात ते उजव्याच खणात हवे.
3. 'माऊसट्रॅप'मध्ये पहिल्या अंकाच्या शेवटी दिवे जातात. असा अंधार असेल, तर सेकंद मोजून तालीम करावी. पायऱ्या व कडा चमकत्या पट्टीने दाखवाव्यात. शस्त्रे खेळण्यातलीच असावीत.
4. परवानगीशिवाय प्रयोग करू नये. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क राहतात. ख्रिस्ती यांचे निधन 1976 मध्ये झाले, म्हणजे मराठी रूपांतरालाही परवानगी लागेल. त्यापेक्षा मुलांनी स्वतःचे नाटक लिहिले तर उत्तमच.
5. प्रयोग संपल्यावर एका नटाने पुढे येऊन, शेवट बाहेर सांगू नका अशी विनंती करावी. लंडनला ही प्रथा आहे. शब्द पाळणे हाही एक संस्कार आहे. म्हणूनच आम्हीही खुनी कोण ते येथे सांगितलेले नाही.

पालकहो, तालमीला मुलांना सोडून निघून जाऊ नका. थोडा वेळ बसा. आजी-आजोबांना आणा. 'ळ' कसा म्हणायचा हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगणार?

स्वाध्याय

1. 'राग' आणि 'संशोधन' या शब्दांचे मराठी व हिंदी अर्थ लिहा. त्यांपैकी एक शब्द वापरून चौकशीचा चार वाक्यांचा संवाद तयार करा.
2. घरातील एक खोली निवडा. तेथे रहस्यनाट्य घडल्यास पुरावा म्हणून कोणत्या तीन वस्तू ठेवाल?
3. 'ल' आणि 'ळ' यांमुळे अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या पाच जोड्या घरातील मोठ्यांना विचारून लिहा.