मृत्यूनंतरचे अवयव : शरीरशास्त्र, कायदा आणि टंचाई

दिल्लीतील करोल बागेला लागून असलेल्या जुन्या राजेंद्र नगरात सर गंगाराम रुग्णालय आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून या परिसरात येऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ही इमारत परिचित असते. जानेवारी २०२४ मध्ये येथे रंगकाम करणाऱ्या एका कामगाराच्या दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. २०२० मधील रेल्वे अपघातात त्याने आपले हात गमावले होते. ज्या महिलेचे हात त्याला मिळाले ती मेंदूमृत घोषित झाली होती आणि तिने हयातीतच अवयवदानाची इच्छा नोंदविली होती. तिचे इतर अवयव व नेत्रपटलेही अन्य रुग्णांच्या उपयोगी पडली. मृत व्यक्तीचा अवयव जिवंत कसा राहतो, हा येथे पहिला प्रश्न होय.

हृदय आणि मेंदू

हृदयाचे ठोके मेंदूच्या आज्ञेने पडत नाहीत. हृदयाच्या उजव्या कर्णिकेतील पेशींचा एक पुंजका स्वतःच विद्युत्-स्पंद निर्माण करतो; मेंदू केवळ त्याची गती कमी-अधिक करतो. श्वसनाची प्रेरणा मात्र मस्तिष्कस्तंभातून येते. डोक्याला गंभीर इजा होऊन किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन मस्तिष्कस्तंभ कायमचा निकामी झाला, की श्वास थांबतो. अशा वेळी रुग्ण कृत्रिम श्वसनयंत्रावर असेल, तर रक्ताला प्राणवायू मिळत राहतो आणि हृदय आणखी काही काळ चालते. नातेवाइकांना छाती हलताना दिसते, शरीर उबदार लागते. व्यक्ती मात्र मृत झालेली असते. बेशुद्धावस्थेतील रुग्ण शुद्धीवर येऊ शकतो, मेंदूमृत व्यक्ती नाही. हा फरक सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजला गेलेला आहे.

हृदय थांबून मृत्यू आला, तर चित्र वेगळे असते. प्राणवायूअभावी पेशीतील ऊर्जा संपते, सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा बंद पडते, पेशी पाण्याने फुगते आणि तिच्याच विकरांमुळे विघटित होऊ लागते. शीतकरणाने ही क्रिया मंदावते. योग्य द्रावणात सुमारे ४ अंश सेल्सियसला ठेवलेले हृदय ४ ते ६ तास, यकृत सुमारे १२ तास, तर मूत्रपिंड २४ ते ३६ तास टिकते. नेत्रपटलात रक्तवाहिन्या नसतात व ते प्राणवायू मुख्यतः हवेतून घेते. त्यामुळे घरी नैसर्गिक मृत्यू झाला, तरी सहा तासांच्या आत नेत्रदान शक्य असते.

कायद्याची चौकट

फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या वेळी मेंदूमृत्यूला देशात कायद्याचा आधार नव्हता. तो मिळाला मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ ने. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले.

परीक्षार्थींनी या अधिनियमाची घटनात्मक बाजू लक्षात ठेवावी. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय असल्याने संसदेने अनुच्छेद २५२ खाली हा कायदा केला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो गोवा, हिमाचल प्रदेश, महाराष्ट्र व सर्व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. अन्य राज्यांना तो ठरावाद्वारे स्वीकारावा लागला. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मृत्यू प्रमाणित करावयाचा असतो. त्यानंतरही व्यवहारात निकटच्या नातेवाइकांची संमती निर्णायक ठरते. २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचा समावेश केला, प्रत्यारोपण समन्वयक अनिवार्य केला आणि अवयवांच्या व्यापारासाठी ५ ते १० वर्षे कारावास व २० लाख ते १ कोटी रुपये दंड ठेवला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मधील मृत्यूच्या व्याख्येत मात्र मस्तिष्कस्तंभाचा उल्लेख नाही. कुटुंबाने संमती नाकारल्यास डॉक्टर संभ्रमात पडतात, त्याचे एक कारण हे आहे.

किंमत नसलेली टंचाई

अर्थशास्त्रात टंचाई किमतीने निवारली जाते. येथे किंमत शून्य आहे, आणि ती तशीच असावी. अन्यथा मूत्रपिंड गरिबाकडून श्रीमंताकडेच जाईल. मग पुरवठा वाढावा कसा? भारतात २०२३ मध्ये १८ हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली, पण मरणोत्तर दाते सुमारे १,१०० च होते, म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी. स्पेनमध्ये हे प्रमाण ४५ च्या वर आहे. तेथे गृहीत संमतीचा कायदा १९७९ पासून आहे, असे कारण सहसा सांगितले जाते. परंतु तेथेही कुटुंबाला विचारले जातेच. खरी वाढ झाली ती १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन होऊन रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यानंतर. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू झाले. त्यांतील सर्वच दाते होऊ शकत नाहीत, हे खरे. तथापि अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यू वेळेवर ओळखलाच गेला नाही, तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. दानपत्रे भरून घेण्याच्या मोहिमांपेक्षा तेथे खर्च झालेला रुपया अधिक फलदायी ठरेल.

या अपुऱ्या पुरवठ्याचा भार जिवंत दात्यांवर पडतो, आणि त्यांत पत्नी व माता अधिक असतात. १९९५ ते २०२१ या काळात अवयव मिळालेल्या दर पाच जणांपैकी सुमारे चार पुरुष होते. कमावत्याला वाचविण्याचा कुटुंबाचा हिशेब यामागे आहे. मरणोत्तर मिळालेल्या अवयवाचे वाटप प्रतीक्षायादीनुसार होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या यादीसाठी अधिवासाची अट, ६५ वर्षांची वयोमर्यादा व नोंदणी शुल्क काढण्याचे धोरण केंद्राने जाहीर केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेने वाटपात स्त्री रुग्णांना तसेच मरणोत्तर दात्यांच्या निकटच्या नातेवाइकांना प्राधान्य देण्याची सूचना राज्यांना केली.